खिशात मावणारं, परवडणारं छोटं पिस्तुल : कुठलं घ्यावं?

रातपाळीवाली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

विषय शीर्षकात आहेच. काम संपवून रात्री उशिरा एकटीनेच परतावं लागतं आणि बऱ्याचदा जवळ रोकड असते जी माझी नसते. परवान्याचं सगळं रीतसर झालंय, सुरुवातीचं ट्रेनिंग पण झालंय, त्यामुळे "आधी लायसन काढा" नको आणि "बाईमाणसाला पिस्तुल कशाला" हे तर नकोच नको. ट्रेनिंगला मोठं ९ मिमी वापरलं, ते जमलं पण ते काही खिशात घालून फिरता येणार नाही.

माझे पंजे लहान आहेत, अंगठ्याचा सांधा अधूनमधून दुखतो त्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढणं हा माझ्यासाठी मोठाच प्रश्न आहे. बजेट बेताचं. डोक्यात सध्या तीन गोष्टी फिरतायत : रुगर एलसीपी (छोटं .३८० पिस्तुल), स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्वर, आणि एक ओळखीचे म्हणतायत की .२२ चं काहीतरी छोटंसं घे, धक्का पण नाही आणि गोळ्या पण स्वस्त. काय करू?

टवाळ_पोर
जागा पकडून बसलोय. ९ मिमी वाले विरुद्ध .३८० वाले, धागा शंभरी गाठणार हे लिहून ठेवा.

शांताराम_नाही
मी पेपर स्प्रेचाच आग्रह धरेन. दहातल्या नऊ प्रसंगांत ज्याची गरज पडते ते म्हणजे तिथून निघून जायला दोन सेकंद मिळणं, आणि ते स्प्रेने मिळतात. पिस्तुलाचं तसं नाही, एकदा सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही आणि मग पुढे चौकशी, वकील हे सगळं आलंच.

रातपाळीवाली
@शांताराम_नाही, स्प्रे आहेच, किल्लीच्या जुडग्यालाच लावलाय. तो काढून टाकून पिस्तुल घेतेय असं नाही. आणि रोकड मागितली तर मी देऊन टाकणार आहे हे पण आत्ताच सांगते, त्यासाठी गोळी झाडायची नाहीये.

जुना_नेमबाज
हे शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कडू डोस. पिस्तुल जितकं लहान तितकं ते चालवायला अवघड. काउंटरवर हातात घेतलं की छोटं सगळ्यांनाच गोंडस वाटतं आणि नवीन माणसाला, त्यातून बाई असेल तर हमखास, "हे लहान आहे, तुम्हाला सोपं जाईल" असं म्हणून तेच गळ्यात मारतात. प्रत्यक्षात उलटं असतं. मुठीवर दोनच बोटं बसतात, करंगळी खाली लोंबकळते, पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर कमी म्हणून नेम धरताना केसभर हललं तरी दहा पावलांवर वीतभर चुकतं, आणि वजन नसल्यामुळे धक्का सगळा मनगटात येतो. खिशातलं पिस्तुल हे खरं तर मुरलेल्या माणसाचं हत्यार आहे. म्हणजे नवीन माणसाने घेऊच नये असं नाही, पण ते सरावाला जास्त गोळ्या खाणार हे धरूनच बजेट आखायचं.

आता काडतूस. छोट्या पिस्तुलात मुख्यतः .२२ एलआर (लाँग रायफल), .२५, .३२, .३८० आणि हल्ली ९ मिमी असे पर्याय दिसतात. यातली .३२, .२५ आणि .३८० ही तिन्ही एकट्या जॉन ब्राउनिंगने १८९९ ते १९०८ या काळात आखली, म्हणजे खिशातलं पिस्तुल ही काही आजची फॅशन नाही. .३८० म्हणजेच ९ बाय १७, कुठे कुठे ९ मिमी कुर्त्झ म्हणतात. गोळीचा व्यास ९ मिमीचाच, काडतूस आखूड आणि दारू कमी. ९ बाय १९ आणि हे एकमेकांच्या पिस्तुलात चालत नाहीत, विकत घेताना डब्यावरचं नाव नीट वाचायचं.

माझं मत : परवडणारं, खिशात मावणारं आणि त्यातल्या त्यात कामाचं असं सगळं जुळवायचं तर .३८०. त्याच्या खाली गेलं की ताकद फार उतरते आणि वर गेलं की खिसा संपतो.

बत्तीस_बोअर
नाव बघूनच कळलं असेल मी काय म्हणणार :)

काका, .३२ ला इतकं सहज झटकू नका हो. केल-टेकचं पी-३२ बघा, १९९९ पासून आहे, रिकामं असताना दोनशे ग्रॅमच्याही आत, मॅगझिनमध्ये सात गोळ्या आणि धक्का .३८० च्या मानाने कितीतरी मवाळ. दुखऱ्या अंगठ्याच्या माणसाला नेमकं हेच पाहिजे. पहिली गोळी लागली आणि दुसरी कुठे गेली पत्ताच नाही, यापेक्षा सातच्या सात जागेवर लागलेल्या बऱ्या.

आणि बेरेटाचं टॉमकॅट बघितलंय का कुणी? त्याची नळी कळ दाबली की मागून वर उघडते, आत एक गोळी ठेवायची आणि नळी खाली दाबायची. स्लाइड ओढायची गरजच नाही. सांधेदुखीवाल्यांसाठी याहून चांगली युक्ती माझ्या तरी बघण्यात नाही.

जुना_नेमबाज
टॉमकॅटचा मुद्दा मान्य, पण पहिली गोळी भरण्यापुरताच. गोळी अडकली तर काय कराल? तेव्हा बऱ्याचदा स्लाइड ओढावी लागते, नळी उघडूनही काही वेळा सुटतं पण ते त्या घाईत सुचायला पाहिजे. शिवाय ते हातात बऱ्यापैकी जाडजूड आहे, एलसीपीसारखं चपटं नाही.

आणि .३२ ची एक खोड तुम्ही सांगितली नाही. त्या काडतुसाच्या बुडाची कड थोडी बाहेर आलेली असते, मॅगझिनमध्ये वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे जाऊन बसली की दोन्ही एकमेकींत अडकतात आणि मग मॅगझिन काढून खटपट केल्याशिवाय सुटत नाही. लांबीला आखूड असलेल्या हॉलो पॉइंट (नाकाला खड्डा असलेल्या, लागल्यावर उमलणाऱ्या) गोळ्यांत हे जास्त होतं कारण पुढेमागे सरकायला जागा मिळते.

बत्तीस_बोअर
म्हणून तर त्यात साध्या गोल नाकाच्या गोळ्या वापरायच्या. माझं त्यावर बरं चाललंय.

यंत्रकिडा
धक्क्याबद्दल सगळे अंदाजाने बोलतायत म्हणून थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

.३८० ची गोळी साधारण ६.२ ग्रॅम, आखूड नळीतून वेग धरा सेकंदाला २६० मीटर. मूळ एलसीपी भरलेलं असताना साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. दारूच्या वायूचा हिशोब सोडून दिला तरी पिस्तुल मागे येतं ते सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास. आता ९ मिमी सिग पी३६५ घ्या. गोळी साडेसात ग्रॅम, वेग ३३० धरू, भरलेलं पिस्तुल सव्वासहाशे ग्रॅम. ते मागे येतं चार मीटरच्या थोडं आत. म्हणजे मोठी गोळी असूनही ते हातात कमी झटका देतं! धक्क्याची एकूण ऊर्जा ९ मिमीचीच थोडी जास्त भरते पण हाताला जे "चावणं" जाणवतं ते या मागे येण्याच्या वेगामुळे. "छोटी गोळी म्हणजे कमी धक्का" हे समान वजनाच्या पिस्तुलांतच खरं.

त्याच वेगांवर गोळीची ऊर्जा : .३८० ला २१० ज्यूलच्या आसपास, या ९ मिमीला ४००, .३२ ला दीडशे-पावणेदोनशे, आणि .२५ तर शंभराच्याही आत.

दुसरी गोष्ट, स्लाइड जड का लागते. पिस्तुलाच्या दोन जाती. एकीत गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकींना अडकलेल्या असतात आणि मग सुटतात, याला लॉक्ड ब्रीच म्हणतात. दुसरी ब्लोबॅक, त्यात अडकवणारं काहीच नसतं, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सगळं रोखलेलं. वॉल्थर पीपीके ब्लोबॅक आहे म्हणून .३८० मध्ये त्याची स्प्रिंग ताठ आणि धक्का कोरडा. ब्लोबॅक बनवायला सोपं म्हणून स्वस्त पडतं, पण मग स्लाइड जड करावी लागते, हाय-पॉइंटचं .३८० बघा, जवळपास आठशे ग्रॅम, खिशात घातलं तर पँट खाली. एलसीपी, केल-टेक पी-३एटी, ग्लॉक ४२ ही सगळी लॉक्ड ब्रीच आहेत. त्यामुळे रातपाळीवाली, कॅटलॉगमध्ये हा शब्द आधी शोधा.

टवाळ_पोर
एवढं गणित शाळेत शिकवलं असतं तर मी पास झालो असतो.

पाचच_पुरे
सगळे पिस्तुलाच्याच मागे लागलेत, रिव्हॉल्वर ताईंनी स्वतः विचारलंय त्याचं काय?

६४२ मध्ये स्लाइडच नाही, त्यामुळे अंगठ्याचा प्रश्न तिथेच मिटला. पाच गोळ्या, .३८ स्पेशल, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. घोडा (हॅमर, ट्रिगर नव्हे) आतच झाकलेला असल्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर दाबा, पुढची येते. आणि अगदी अंगाला भिडून झटापट झाली तर पिस्तुलाची स्लाइड दाबली जाऊन ते झडायचं थांबू शकतं, रिव्हॉल्वरला ती भानगड नाही. रुगरचं एलसीआर पण बघा, तीन-चार दशकांत रिव्हॉल्वरच्या ट्रिगरमध्ये एवढी चांगली सुधारणा कुणी केली नव्हती असं माझं मत.

जुना_नेमबाज
सगळं बरोबर, फक्त ट्रिगरचं वजन सांगायचं विसरलात. ६४२ चा ट्रिगर दाबायला पाच किलोच्या वर जोर लागतो आणि तो लांबलचक खेचावा लागतो. अंगठा वाचला पण तर्जनीचं काय? लहान पंजाच्या माणसाचं बोट ट्रिगरवर जेमतेम टेकतं, मग मूठ फिरवून धरतात आणि गोळ्या एका बाजूला जायला लागतात. मुरल्यावर उत्तम हत्यार, सुरुवातीला मात्र सगळ्यात चिडचिड करायला लावणारं. शिवाय सिलिंडरच्या जागी खिशाला फुगा येतो.

अशोकवन
ओळखीत एकाकडे कागदपत्रांची कटकट न करता [प्रतिसाद संपादित]

संपादक मंडळ
वरचा प्रतिसाद उडवला आहे. कागदपत्रांशिवाय खरेदी-विक्रीचा विषय इथे काढायचा नाही, पुढच्या वेळी आयडी गोठवण्यात येईल. आपापल्या ठिकाणचा कायदा, कुठलं बोअर चालतं, सोबत बाळगायची परवानगी कशी, हे ज्याने त्याने अधिकृत ठिकाणी विचारावं.

चपटी_पर्स
अखेर खिशांबद्दल बोलायला एक बाई आली असं समजा.

पुरुष मंडळी "खिशात मावतं" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर त्यांचे खिसे असतात. बायकांच्या बऱ्याच पँटींचा खिसा चार बोटं गेली की संपतो, काही तर शिवणीने बंदच केलेले असतात. त्यामुळे आधी पँट बघा मग पिस्तुल. जाड पुठ्ठ्यातून पिस्तुलाच्या मापाचा तुकडा कापा, एलसीपीची लांबी १३ सेंटीमीटरच्या आसपास, जाडी दोन सेंटीमीटर, आणि रोज घालता त्या प्रत्येक कपड्यात घालून बसून, उठून, वाकून बघा. फुकटात बरंच कळतं.

होल्स्टर शिवाय खिशात पिस्तुल ठेवायचं नाही. खिशाचं होल्स्टर म्हणजे नुसती पिशवी नव्हे, त्याने ट्रिगरचा भाग पूर्ण झाकला पाहिजे आणि पिस्तुल ओढल्यावर होल्स्टर खिशातच अडकून राहिलं पाहिजे. त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नको, नाणी नकोत, लिपस्टिक तर अजिबात नको. बारीक वस्तू ट्रिगरच्या पुढे जाऊन बसली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

काढताना मूठ वळलेला हात अरुंद खिशातून बाहेर येत नाही. अंगठा स्लाइडच्या मागच्या टोकावर सपाट ठेवला की हात बारीक होतो आणि सरळ निघतो. हे रिकाम्या पिस्तुलाने, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, पुन्हा पुन्हा करून बघायचं. आणि गाडीत सीटवर बसलेलं असताना पुढच्या खिशातून काही म्हणजे काही निघत नाही, हे पण करून बघा म्हणजे पटेल.

पर्समध्ये ठेवू नका हो. पर्स हीच तर पहिल्यांदा हिसकावतात. जॅकेटचा खिसा बरा, पण जॅकेट काढून खुर्चीला लावलं की पिस्तुल खुर्चीवर आणि तुम्ही चहाच्या टेबलावर.

रातपाळीवाली
@चपटी_पर्स किती उपयोगी लिहिलंयस! पुठ्ठ्याचा प्रयोग आत्ताच केला, निम्म्या पँटी बाद. स्लाइडचं पण सांग ना काहीतरी.

चपटी_पर्स
स्लाइड बोटांच्या चिमटीत धरून मागे ओढायची नाही, तिथेच सगळे हरतात. डाव्या हाताचा पूर्ण तळवा वरून स्लाइडवर ठेवून चार बोटांनी ती घट्ट धरायची, पिस्तुल छातीजवळ आणायचं, आणि डावा हात जागेवर ठेवून उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. अंगठ्याला काहीच काम नाही, जोर दंडाचा आणि खांद्याचा. मात्र छातीजवळ आणताना नळी आपोआप डावीकडे फिरते आणि शेजारी उभ्या माणसाकडे रोखली जाते, रेंजवर माझ्या शेजारी असं कुणी केलं की मी सरळ मागे निघून जाते. स्वतः बाजूला वळायचं, नळी समोरच राहिली पाहिजे.

बाहेर घोडा असलेलं पिस्तुल असेल, जसं सिग पी२३८, तर आधी घोडा मागे ओढून मग स्लाइड ओढली की बरीच हलकी जाते.

यंत्रकिडा
.२२ चा प्रश्न राहिलाच. .२२ मध्ये दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, कडेला कुठे तो कमी पसरला असेल तर गोळी फुसकी जाते. मधोमध प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) असलेल्या काडतुसात हे खूपच कमी. रिव्हॉल्वर असेल तर परत दाबून पुढे जाता येतं, पिस्तुलात फुसकी गोळी स्लाइड ओढून काढावी लागते. रुगरने २०२० मध्ये एलसीपी २ चं .२२ मॉडेल आणलं, स्लाइड ओढायला मुद्दाम हलकी केलेली, दहा गोळ्या. सरावासाठी झकास. ज्यांच्या हातात जोरच उरलेला नाही त्यांच्यासाठी संरक्षणाला पण काहीच नसण्यापेक्षा नक्कीच चांगलं. पण ताईंना मोठं ९ मिमी जमलंय म्हणजे त्यांना इतकं खाली यायची गरज दिसत नाही.

आणि .२२ वर रिकामा ट्रिगर दाबायची सवय नको, बऱ्याच मॉडेलांत गोळीवर आपटणारी पिन रिकाम्या नळीच्या काठावर आपटते. डमी गोळ्या वापरा.

नऊ_मिमी_भक्त
आलो एकदाचा. एवढी चर्चा कशाला? पी३६५ घ्या आणि मोकळ्या व्हा. २०१८ मध्ये ते आलं तेव्हाच .३८० चे दिवस भरले. मॅगझिनमध्ये दहा अधिक नळीत एक गोळी, ९ मिमी, वजन पाचशे ग्रॅम, आणि यंत्रकिड्यानेच सिद्ध केलंय की झटका कमी.

चपटी_पर्स
आणि ठेवायचं कुठे? कमरेला? त्यासाठी जाड पट्टा लागतो, वरून सैल शर्ट लागतो, रोजच्या कामाच्या कपड्यांत ते बसत नाही म्हणून तर बाई "खिशात" म्हणतेय. शिवाय "परवडणारं" पण म्हणतेय.

नऊ_मिमी_भक्त
.३८० ने काम होईल याची खात्री कोण देणार पण? एफबीआयच्या चाचणीत गोळी जिलेटिनच्या जेलमध्ये १२ ते १८ इंच जायला पाहिजे. आखूड नळीच्या .३८० हॉलो पॉइंट एक तर उमलतच नाहीत नाहीतर उमलून नऊ-दहा इंचात थांबतात.

जुना_नेमबाज
हा मुद्दा खरा आहे, उगाच वाद घालत नाही. १९८६ मध्ये मायामीच्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट गेले आणि त्यानंतर त्यांनी खोलीचा निकष लावला, ३० ते ४५ सेंटीमीटर. जेल म्हणजे माणूस नव्हे, पण वेगवेगळ्या गोळ्या एकाच मापाने तोलायला ती पद्धत बरी आहे. .३८० मध्ये वेग आणि वजन इतकं काठावर आहे की उमलणं आणि खोल जाणं दोन्ही एकदम मिळणं कठीण. म्हणून बरेच जाणकार .३८० मध्ये चपट्या नाकाची पूर्ण तांबं चढवलेली गोळी पसंत करतात, ती निदान खोल जाते, आणि गोल नाकवालीपेक्षा थोडी जास्त इजा करते. आरपार जाऊन मागच्या कुणाला लागायचा धोका त्यात वाढतो हे ओघाने आलंच, मागे काय आहे ते बघायची जबाबदारी टळत नाही. माझा कल चपट्या नाकाकडे. पण तुमच्या पिस्तुलात जी गोळी न अडकता चालते ती आधी, बाकीचं नंतर.

कोनाड्यातला_हिशोबनीस
बजेटवर कुणीच बोलत नाही म्हणून मी येतो.

पिस्तुलाची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता समजा. नवीन पिस्तुल विश्वासाने खिशात घालायच्या आधी त्यातून निदान दोनशे गोळ्या न अडकता जायला हव्यात असा बहुतेक ठिकाणी दंडक आहे, आणि त्यातल्या निदान पन्नास तरी तुम्ही रोज भरून ठेवणार त्याच जातीच्या हव्यात. .३८० ची गोळी लहान असून ९ मिमीपेक्षा महाग मिळते कारण ९ मिमी प्रचंड प्रमाणात बनते. म्हणजे पिस्तुलात वाचवलेले पैसे सरावात जातात. वर चांगलं होल्स्टर, एक जादा मॅगझिन, आणि घरी कुलूपबंद छोटी पेटी. घरात लहान मुलं असतील किंवा येत-जात असतील तर पेटी आधी, पिस्तुल नंतर.

अगदी स्वस्ताच्या नादाला लागून जस्ताच्या मिश्रधातूची जुनी पिस्तुलं घेऊ नका. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बाहेरून येणारी स्वस्त छोटी पिस्तुलं अडवली, मग तिथेच कॅलिफोर्नियात रेव्हन, जेनिंग्ज, लॉर्सिन अशा कंपन्यांनी .२२, .२५ ची ओतीव पिस्तुलं ढिगाने काढली. त्यातल्या बहुतेक कंपन्या केव्हाच बंद झाल्या, सुटे भाग मिळायची मारामार, आणि ओतीव धातूला तडे जातात. कुणी "आजोबांचं आहे, एकदाही चालवलं नाही" म्हणून देत असेल तरी नमस्कार करून पुढे जा.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, खिशातली पिस्तुलं लोक हौसेने घेतात आणि धक्का आवडला नाही की गोळ्यांच्या एका डब्यातच विकून टाकतात. नळी आतून बघा, मॅगझिनचे ओठ वाकलेत का बघा, स्प्रिंग नवीन घालून घ्या, एवढ्या छोट्या पिस्तुलात ती लवकर थकते आणि स्वस्तात मिळते. आणि अनुक्रमांक कंपनीकडे तपासा. एलसीपी आलं २००८ मध्ये, आणि त्याच वर्षी रुगरने सुरुवातीची पिस्तुलं परत बोलावली होती कारण पडल्यावर झडायची शक्यता होती. दुरुस्ती झालेली आहे की नाही ते विचारल्याशिवाय तसलं जुनं घ्यायचं नाही.

चपटी_पर्स
पडण्यावरून आठवलं. पिस्तुल हातातून सुटलं तर पडू द्यायचं. झेलायला गेलं की बोट नेमकं ट्रिगरमध्ये जातं. आधुनिक पिस्तुलं सहसा पडून झडत नाहीत, झेलताना झडतात.

बत्तीस_बोअर
आणि घामाने गंजतं. खिशातलं पिस्तुल आठवड्याला पुसायचं, नळीतला आणि घोड्याजवळचा खिशातला भुसा काढायचा. लोक हे कधीच करत नाहीत.

रातपाळीवाली
सगळ्यांचे खूप आभार. रेंजवर भाड्याने मिळतात ती चालवून आले, तर हे माझं.

६४२ चा ट्रिगर खरंच जड, दोन्ही हातांची बोटं लावावीत असं वाटलं. बोट नीट पोचत नव्हतं, काका म्हणाले तसंच गोळ्या डावीकडे. मूळ एलसीपी खिशात छान पण चौथ्या-पाचव्या गोळीला मूठ हातात साबणासारखी फिरायला लागली, आणि नेमाची माशी म्हणजे नुसता एक उंचवटा आहे. ग्लॉक ४२ सगळ्यात जास्त आवडलं, स्लाइड मऊ, सगळं सुखाचं, पण माझ्या खिशाचा पुठ्ठा त्याला नाही म्हणतो आणि बजेट पण. मग तिथल्या माणसाने एलसीपी मॅक्स दिलं. मूठ किंचित जाड म्हणून हातात बसतं, दहा गोळ्या, पुढे चमकणारा ठिपका आहे तो दिसतो तरी, आणि चपटी_पर्सने सांगितलं तशी स्लाइड ढकलली तर आली! चिमटीने नव्हती येत. धक्का आहेच, नाही असं नाही.

जुना_नेमबाज
चांगली निवड. स्मिथ अँड वेसनचं बॉडीगार्ड २.० पण त्याच मापाचं आहे, २०२४ मध्ये आलंय, त्यातही दहा गोळ्या, ट्रिगर मला त्याचा जास्त स्वच्छ वाटला. मिळालं तर दोन्ही शेजारी शेजारी चालवा आणि मगच पैसे द्या. जुनं २०१० चं बॉडीगार्ड वेगळं, त्याचा ट्रिगर लांब आणि जड, नावावरून गोंधळू नका.

मनगट ताठ ठेवायचा सराव करा. एवढ्या हलक्या पिस्तुलात मनगट सैल राहिलं तर स्लाइड पूर्ण मागे जातच नाही आणि रिकामी पुंगळी अर्धवट अडकते, लोक पिस्तुलाला शिव्या घालतात. पाच-सात मीटरपेक्षा लांबचं टार्गेट सध्या लावूच नका. एका वेळी पन्नासच गोळ्या, हात दुखायला लागला की थांबायचं, नाहीतर ट्रिगर दाबताना डोळे मिटायची खोड लागते आणि ती सुटायला वर्ष जातं.

यंत्रकिडा
एक बारीकशी गोष्ट. रोज रात्री रिकामं करून सकाळी तीच गोळी परत नळीत भरत राहिलात तर प्रत्येक वेळी ती आपटून काडतुसात थोडी थोडी आत सरकते आणि दाब वाढतो. नवीन गोळीशेजारी धरून लांबी बघत जा, आखूड दिसली की बाजूला काढा. किंवा होल्स्टरसकट तसंच पेटीत कुलूपबंद करून ठेवा, काढघाल जितकी कमी तितकं बरं.

टवाळ_पोर
शंभरी काही गाठली नाही. बादवे मी डावखुरा आहे, मला पण असलंच काहीतरी बघायचंय, वेगळं काय बघू?

पाचच_पुरे
रिव्हॉल्वरचं सिलिंडर डावीकडे उघडतं, त्यामुळे डाव्या हाताने भरणं जरा उलटसुलट होतं पण झाडायला काही फरक नाही. पिस्तुलात मॅगझिन सोडायची कळ दुसऱ्या बाजूला लावता येते का ते विचार, ग्लॉक ४२ मध्ये येते. होल्स्टर डाव्या खिशाचं मागून घे, आणि मोबाईल उजव्या खिशात टाकायची सवय आत्तापासूनच लाव.